कन्कशननंतर विसरायला होतंय? माजी सैनिक आणि घरच्यांसाठी उपचारांचा नीट क्रम

सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांमधून एकच चूक पुन्हा पुन्हा होताना दिसते. डोक्याला कधीतरी मार लागलेला असतो: ड्युटीवर स्फोटाचा हादरा, घाटात गाडी उलटणं, बॉक्सिंगच्या रिंगणातले ठोसे, नाहीतर पेन्शनवर आल्यावर हायवेला मोटारसायकलवरून पडणं. त्यानंतर नावं आठवत नाहीत, हातातलं काम अर्धवट राहतं, चिडचिड वाढते. सीटी स्कॅन 'नॉर्मल' येतो. मग कुणीतरी मोबाइलवर मेंदूला चुंबकाने चालना देणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ दाखवतं आणि घर थेट तीस सत्रांच्या पॅकेजची चौकशी करायला निघतं.

त्या यंत्राला काही रुग्णांच्या उपचारात जागा आहे, पण ती शेवटाकडे आहे. यंत्र मेंदूच्या एखाद्या भागाला थोडा वेळ सरावासाठी तयार करू शकतं. सराव मात्र माणसालाच करावा लागतो, आणि त्याआधी सरावाच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर कराव्या लागतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या चार टप्प्यांना यंत्राच्या मानाने फारसा खर्च नाही, तरी बहुतेक घरं तेच टाळतात.

## टप्पा १ : आधी धोक्याची लक्षणं बाजूला काढा

कन्कशन म्हणजे डोक्याला बसलेला सौम्य स्वरूपाचा मार. बेशुद्धी आलीच तर ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि त्या प्रसंगाच्या आसपासचं न आठवणं २४ तासांच्या आत थांबलेलं, अशी त्याची ढोबळ व्याख्या आहे. बेशुद्धी आलीच पाहिजे असं मुळीच नाही. बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. हा लेख त्यानंतरही त्रास उरलेल्यांसाठी आहे.

मार ताजा असेल तर पुढचं वाचत बसू नका. डोकेदुखी वाढतच चाललेली, पुन्हा पुन्हा उलट्या, आकडी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, उठवूनही जाग न येणं यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

सावधान: साठी ओलांडलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे किंवा रोज दारू घेणारे, यांच्या डोक्यात मारानंतर कित्येक आठवड्यांनीही हळूहळू रक्त साठू शकतं. 'पडून महिना झाला, तेव्हा स्कॅन चांगला होता' म्हणून निर्धास्त राहू नका. चाल बदलली, गुंगी वाढली, वागणं एकदम वेगळं वाटलं तर स्कॅन पुन्हा करावा लागतो.

## टप्पा २ : एक पान लिहा, फाइल लावा

डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली सात मिनिटं 'नक्की कधी लागलं होतं?' यात जातात. घरीच एका पानावर मुद्दे लिहून न्या. मार कधी लागला, कसा लागला, बेशुद्धी होती का, आधीचं-नंतरचं किती आठवत नाही, त्याआधी डोक्याला असे किती मार बसले. शेवटचा मुद्दा फौजी हमखास गाळतात. तोफखान्यातल्या माणसाला तोफेचे हादरे 'मार' वाटतच नाहीत, पॅराच्या माणसाला उडी मारून उतरताना आपटलेलं डोकं मोजावंसं वाटत नाही. तेही लिहा.

पानाच्या मागे आत्ताचा त्रास लिहा, पण उदाहरणांसकट. 'स्मरणशक्ती कमी झाली' या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. 'मोटर चालू करून रानात गेलो आणि बंद करायचं विसरलो, पाणी बांधावरून वाहिलं' यावरून बरंच कळतं. हे पान पती-पत्नीने वेगवेगळं लिहून मग एकत्र वाचलं तर उत्तम. घरच्यांना दिसतं ते त्याला दिसत नाही आणि त्याच्या डोक्यात चाललेलं घरच्यांना दिसत नाही.

फाइलमध्ये हे ठेवा: डिस्चार्ज बुक, मार ड्युटीवर लागला असेल तर त्याचा इंजुरी रिपोर्ट, निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे कागद, जुने स्कॅन, चालू औषधांची चिठ्ठी आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड. कागद सापडत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा ते विचारा. हे काम आजच सुरू करा, कारण उत्तर यायला वेळ लागतो.

तपासा: ईसीएचएसमधून उपचार घ्यायचे असतील तर रस्ता सहसा आपल्या पॉलिक्लिनिकमधून जातो. आधी तिथल्या डॉक्टरांचं रेफरल, मग पॅनेलवरचं रुग्णालय. स्वतः पैसे भरून नंतर बिल परत मागणं हा उलटा रस्ता आहे आणि बिल त्यातच अडकतं.

## टप्पा ३ : मेंदूवर खापर फोडण्याआधी या सहा गोष्टी पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. माराला सहा महिने उलटूनही विसरणं चालूच असेल, तर त्यामागे मेंदूच्या इजेबरोबर बहुतेकदा आणखी काहीतरी असतं, आणि ते बऱ्याचदा बरं करता येतं.

झोप. आधी बायकोला विचारा की रात्री घोरतात का आणि घोरता घोरता श्वास अडतो का. तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रात्रभर प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूला सकाळी नावं आठवणार नाहीत, त्यावर कितीही सत्रं घेतली तरी. निवृत्तीनंतर सिक्युरिटीची रात्रपाळी धरलेले बरेच जण असतात. शक्य असेल तर निदान उपचाराच्या काळात दिवसपाळी मागून घ्या. रात्री शेतीच्या विजेची पाळी असेल तर पाणी द्यायला काही महिने दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

कान. तोफा, मशिनगन आणि रणगाड्यांजवळ नोकरी केलेल्यांची ऐकण्याची तपासणी झालीच पाहिजे. स्वयंपाकघरातून हाक येते, 'अहो, येताना दही आणा.' त्याला 'येताना' एवढंच ऐकू येतं, बाकीचं तो अंदाजाने जोडतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. घरचे म्हणतात, विसरले. खरं तर लक्षात ठेवण्यासारखं त्याच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. ऑडिओमेट्री अर्ध्या तासात होते.

डोकेदुखी आणि गोळ्या. मेडिकलमधून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस पोटात जात असेल, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू शकते. एकापेक्षा जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्यांसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे. महिनाभर कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा आणि ते कॅलेंडर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. झोपेच्या आणि 'शांत राहण्याच्या' जुन्या गोळ्याही स्मरणशक्ती मंद करतात, पण त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

चक्कर. कुशीवर वळताना किंवा वर बघताना क्षणभर घर फिरल्यासारखं वाटत असेल, तर आतल्या कानातले बारीक कण जागा सोडून सरकलेले असू शकतात. कान-नाक-घसातज्ज्ञ किंवा शिकलेले फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते काही मिनिटांत जागेवर आणतात. वर्षानुवर्षं चक्करेच्या गोळ्या खाण्यापेक्षा हे आधी करून घ्या.

रक्त आणि दारू. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम आणि हिमोग्लोबिन एवढ्या तपासण्या पुरतात. शाकाहारी माणसाचं बी-१२ तर पाहाच. कँटीनच्या कोट्यातली बाटली किती दिवस पुरते, याचं खरं उत्तर डॉक्टरांना द्या. रोज घेणाऱ्याने एका रात्रीत सोडली तर आकडी येऊ शकते, त्यामुळे सोडायची तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मन. फौजी सगळं सांगेल, हे सांगणार नाही. रात्री दचकून उठणं, फटाक्याने अंग थरथरणं, गर्दीत पाठ भिंतीला लावून बसणं, कशातच रस न वाटणं. आघातानंतरचा मानसिक ताण आणि नैराश्य या दोन्हींत लक्ष आणि स्मरण खालावतं, आणि दोन्हींवर चांगले उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही.

सावधान: जगण्यात अर्थ नाही असं बोलणं कानावर आलं तर ते 'रागात बोलले' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती आणि काडतुसं घराबाहेर, रीतसर ठिकाणी जमा करा. घरात कीटकनाशकाचे डबे असतील तर तेही कुलपात ठेवा. हे बोलायला जड जातं. तरीही बोला.

तपासा: या सहांपैकी जे सापडलं त्यावर सहा ते आठ आठवडे उपचार झाले का? तोवर पुढच्या टप्प्याची घाई करू नका. काहींचा विसराळूपणा इथेच निम्म्यावर येतो.

## टप्पा ४ : सुरुवातीचं मोजमाप

उपचार सुरू करण्याआधी मोजलं नाही तर नंतर 'थोडं बरं वाटतंय' यापलीकडे काहीच सांगता येत नाही. दोन प्रकारचं मोजमाप घ्या.

पहिलं तज्ज्ञांचं. मोका ही लक्ष आणि स्मरण तपासणारी ३० गुणांची छोटी चाचणी मराठीतही होते. पण ती फक्त चाळणी आहे, आणि कन्कशननंतर त्रास असलेला माणूस तीत चांगले गुण मिळवू शकतो. खरं चित्र सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्यांतून दिसतं. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात. त्यांची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, ते विचारायला संकोचू नका.

दुसरं मोजमाप घरचं, आणि माझ्या मते जास्त कामाचं. रोजच्या आयुष्यातली तीन उद्दिष्टं ठरवा, मोजता येतील अशी. समजा कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त हवालदार आहेत, एमआयडीसीत गेटवर ड्युटी करतात. त्यांची तीन उद्दिष्टं अशी असू शकतील: आवक-जावक रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर राहून जाणं आठवड्यात एकदापेक्षा कमी व्हावं, बीपीची गोळी कुणी आठवण न करता सातही दिवस घेतली जावी, डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब एका बैठकीत पुरा व्हावा. दोन आठवडे काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. हा झाला पाया.

नेहमीची चूक: 'स्मरणशक्ती वाढवायची' हे उद्दिष्ट ठरवणं. ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच कळत नाही, म्हणून उपचार कधी संपत नाहीत आणि बिलंही.

## टप्पा ५ : आधी सराव, आणि तो माणसाकडून

मेंदूच्या पुनर्वसनाचा कणा हा आहे. अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या लष्करी रुग्णालयात सौम्य इजेनंतर त्रास उरलेल्या १२६ सैनिकांवर सहा आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त माहिती दिली, दुसऱ्याला संगणकावरचे खेळ, तिसऱ्याला थेरपिस्टबरोबरचा सराव, चौथ्याला त्या सरावाला जोडून मानसोपचार. रोजच्या व्यवहारातल्या तक्रारी शेवटच्या दोन गटांत जास्त कमी झाल्या. घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत मात्र गटागटांत फरक दिसला नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: सरावाचा फायदा परीक्षेच्या गुणांपेक्षा जगण्यात दिसतो, आणि एकट्याने मोबाइलवर 'ब्रेन गेम' खेळून तो मिळत नाही.

थेरपिस्ट कोण? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट. साताऱ्यात, कराडला, मिरजेला चौकशी करा. दर आठवड्याला प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर पहिल्या काही भेटी समोरासमोर आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर, अशी मागणी करा. आठवड्यातून एक-दोन भेटी आणि रोज घरी सराव, असा साधारण सहा ते बारा आठवड्यांचा काळ धरा. त्यात काय असावं ते असं.

एकच वही. खिशात मावणारी, एकच. चिठ्ठ्या, कॅलेंडर, मोबाइल आणि भिंत अशा चार ठिकाणी लिहिलेलं कुठेच सापडत नाही. फौजेत नोटबुक खिशात ठेवायची सवय असतेच, तीच परत लावा. डाव्या पानावर आजची कामं वेळेसकट, उजव्या पानावर झालेल्या गोष्टी. वही बघायच्या वेळा ठरलेल्या हव्यात: चहाबरोबर, जेवणाआधी, झोपताना. लिहायचं सगळ्यांना जमतं, उघडून बघायचं राहतं. म्हणून सरावातला अर्धा वेळ बघण्याच्या सवयीवर घालवा.

नाव असलेला गजर. नुसता गजर वाजला की तो बंद केला जातो आणि का लावला होता तेच आठवत नाही. गजराला नाव द्या: 'मोटर बंद कर', 'बीपीची गोळी'. आणि नियम करा: काम हातात घेतल्याशिवाय गजर बंद करायचा नाही.

थांबा, ठरवा, तुकडे करा, तपासा. लांबलचक काम अर्ध्यात सुटतं त्यावर हा उपाय. डेअरीचा हिशेब घ्या. थांबा: टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. ठरवा: 'मला फक्त १ ते १० तारखेची बेरीज करायची आहे' हे मोठ्याने बोला. तुकडे करा: आधी सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे, मग सकाळचं लिटर, मग संध्याकाळचं, मग दर. तपासा: प्रत्येक तुकडा झाला की खूण करा आणि विचारा, 'मी ठरवलेलंच करतोय का?' सुरुवातीला हे चार शब्द मोठ्याने बोलावे लागतात. दोन-तीन आठवड्यांनी ते मनातल्या मनात होतं.

थकण्याआधी थांबणं. सैनिकाला हे सगळ्यात अवघड. शरीर दमलं तरी रेटायचं, हे अंगात मुरलेलं असतं. इथे २० ते २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसणं, असं ठेवा. डोकं दुखायला लागल्यावर थांबलात तर उशीर झाला. रोज चालणंही हवं, पण डोकेदुखी किंवा चक्कर वाढणार नाही एवढ्याच वेगाने, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत. पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा चढू नका.

घरच्यांनी काय म्हणायचं. 'परत विसरलात?' हे वाक्य घरातून काढून टाका. त्याऐवजी 'वहीत बघता का?' एवढंच. उत्तर माहीत असलं तरी लगेच सांगू नका, वही उघडू द्या. पण अंदाजाने चुकीचं उत्तर द्यायलाही लावू नका, कारण चुकीचं उत्तरही डोक्यात बसतं. गावातल्या पारावर 'मेजर, काल काय सांगितलं होतं आठवतंय का?' अशी चारचौघांत थट्टा होते. ती बंद करणं घरातल्या थोरल्या माणसाच्या हातात आहे.

तपासा: सहा आठवड्यांनी तीन उद्दिष्टांची नोंद पुन्हा पाहा. प्रगती चालू असेल तर तसंच पुढे न्या, यंत्राची गरज कदाचित लागणार नाही. अडकलं असेल, किंवा नैराश्य औषधाने उतरत नसेल, तर पुढचा टप्पा.

## टप्पा ६ : यंत्राचा निर्णय

दोन प्रकार ऐकू येतील. टीएमएसमध्ये डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय झटके देऊन कवटीच्या आतल्या पेशींत सूक्ष्म वीज निर्माण केली जाते. टीडीसीएसमध्ये ओल्या स्पंजमधून एक ते दोन मिलीअँपिअरचा अगदी मंद प्रवाह साधारण २० मिनिटं सोडतात. दोन्हींत चिरफाड नाही, भूल नाही, आणि हा 'शॉक' नव्हे.

कशासाठी पुरावा आहे, ते स्पष्ट समजून घ्या. औषधाने न उतरलेल्या नैराश्यासाठी टीएमएसला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २००८ मध्ये मान्यता दिली आणि त्या कामी ते जगभर वापरलं जातं. कन्कशननंतरच्या विसराळूपणासाठी मात्र दोन्हींपैकी कशालाही तशी मान्यता नाही. अभ्यास छोटे आहेत, निकाल एकसारखे नाहीत, आणि तुलनेसाठी खोटं यंत्र लावलेल्या गटांतही बरेच जण सुधारतात. म्हणून माझं मत असं: नैराश्य ठळक असेल तर टीएमएसचा विचार जरूर करा, मन उचललं की लक्ष आणि स्मरणालाही त्याचा हात लागतो. फक्त विसरायला होतंय म्हणून कर्ज काढून पॅकेज घेऊ नका. त्यासाठी घ्यायचंच तर एखाद्या रुग्णालयाच्या अभ्यासात, लेखी संमतीने आणि विनामूल्य घ्या.

केंद्राला हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. कोणत्या निदानासाठी देणार? डॉक्टर स्वतः हजर असतात का? आकडी आली तर सोय काय? किती सत्रांनंतर फायदा नसेल तर थांबवणार? ईसीएचएसमध्ये बसतं का, हे मात्र केंद्राच्या तोंडी शब्दावर न सोडता पॉलिक्लिनिकमध्ये लेखी विचारा. पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था) इथे दुसरं मत घेता येतं.

सावधान: ऑनलाइन मिळणारी, बॅटरीवर चालणारी 'मेंदू तल्लख करणारी' पट्टी घरी लावू नका. स्पंज कोरडा राहिला किंवा त्वचेला जखम असली तर भाजतं, आणि पट्टी चुकीच्या जागी बसली तर काय होईल याची हमी कुणीच देत नाही.

## टप्पा ७ : सुरक्षेची चाळणी, यात काहीही लपवू नका

सैनिकांच्या बाबतीत ही चाळणी इतरांपेक्षा जास्त कडक लागते, आणि कारण साधं आहे: स्प्लिंटर. स्फोटातले धातूचे बारीक कण डोक्याच्या कातडीत, डोळ्याभोवती, मानेत वर्षानुवर्षं राहतात आणि माणसाला त्याची आठवणही नसते. चुंबकाजवळ असा तुकडा हलू शकतो किंवा तापू शकतो. स्फोटाचा इतिहास असेल तर सत्राआधी डोक्याचा एक्स-रे किंवा सीटी दाखवल्याशिवाय टीएमएसच्या खुर्चीत बसू नका.

पुढचंही सांगा: पेसमेकर, कानाच्या आत बसवलेलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कवटीला बसवलेली प्लेट. यांतल्या काहींमुळे टीएमएस पूर्ण बाद होतं, काहींबाबत डॉक्टर ठरवतात.

आकडीचा इतिहास हा दुसरा मोठा मुद्दा. मारानंतर कधीही आकडी आली असेल, घरात कुणाला मिरगी असेल, तर आधी सांगा. टीएमएसमुळे आकडी येणं दुर्मीळ आहे, साधारण हजार रुग्णांत एक किंवा त्याहून कमी. पण जागरण, दारू आणि काही औषधं ही शक्यता वाढवतात. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध त्यातलंच. जुन्या कंबरदुखीसाठी ते चालू असतं आणि 'डोक्याचा काय संबंध' म्हणून सांगायचं राहून जातं. आयुर्वेदिक पुड्यांसकट सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जा.

तपासा: संमतीपत्र मराठीत किंवा समजेल अशा भाषेत वाचून दाखवलं का? 'कन्कशनच्या विसराळूपणासाठी मान्यताप्राप्त नाही' हे त्यात लिहिलंय का?

## टप्पा ८ : सत्रांचे आठवडे कसे काढायचे

टीएमएस साधारणपणे आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतं. नेहमीच्या पद्धतीत एक सत्र २० ते ४० मिनिटांचं, नव्या थीटा-बर्स्ट पद्धतीत जेमतेम तीन मिनिटांचं. अवघड असतो तो प्रवास. जत किंवा पाटणहून रोज एसटीने ये-जा करून दमलेल्या डोक्याला काहीच लागू पडत नाही. केंद्र लांब असेल तर तेवढे आठवडे नातेवाइकांकडे राहायची सोय आधी करा, नाहीतर सुरूच करू नका. ऊसतोड किंवा लग्नसराईच्या तोंडावर कोर्स धरला की तो मध्येच तुटतो.

रोजचा क्रम असा ठेवा:

१. आदल्या रात्री पुरेशी झोप. जागरण झालं असेल तर तसं सांगा, सत्र पुढे ढकललं तरी चालेल.

२. जेवून, नेहमीच्या गोळ्या घेऊन जा. कोर्सच्या मध्ये औषधं बदलली असतील तर सत्राआधी सांगा.

३. मोबाइल, घड्याळ, चेन, कानातलं मशीन आणि पाकिटातली कार्डं बाहेर.

४. कानात प्लग घालायलाच हवेत. यंत्राचा टकटक आवाज मोठा असतो, आणि फौजीचे कान आधीच दुखावलेले असतात. प्लग दिले नाहीत तर मागा.

५. पहिल्या दिवशी अंगठा किंचित उडेपर्यंत झटका वाढवून तुमच्यासाठी लागणारी ताकद मोजतात. हे मोजमाप न करता थेट सुरू केलं तर उठून या.

६. सत्र संपल्यावर लगेच घरी पळू नका. टप्पा ५ मधला सराव त्याच दिवशी, शक्यतो सत्राला लागून अर्धा-पाऊण तास करा. टीडीसीएस असेल तर सराव बहुतेक वेळा प्रवाह चालू असतानाच करतात.

सहावी पायरी सर्रास गाळली जाते. नुसतं खुर्चीत बसून उठलेला आणि वही न उघडलेला माणूस महिनाभराने म्हणतो, 'काही फरक नाही.'

सुरुवातीच्या दिवसांत डोकं दुखणं, टाळू हुळहुळणं, जबडा फडफडणं होतं. बहुतेकांचं आठवड्यात कमी होतं. पहिले काही दिवस मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या.

सावधान: सत्रांच्या काळात शुद्ध हरपली, अचानक खूप उत्साह चढून झोपच नकोशी झाली, किंवा मरणाचे विचार आले, तर पुढचं सत्र थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ९ : पुन्हा मोजा आणि थांबायचं ठरवा

कोर्स संपला की टप्पा ४ मधली तीन उद्दिष्टं आणि चाचण्या पुन्हा, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी परत एकदा. चाचणी त्याच व्यक्तीने, दिवसाच्या साधारण त्याच वेळी घ्यावी. लगेच पुन्हा दिलेली चाचणी नुसत्या सरावानेही थोडी सुधारते, म्हणून दोन-चार गुणांवर हुरळून जाऊ नका. रजिस्टरमधल्या चुका कमी झाल्या का, गोळी आपोआप घेतली जाते का, हे बघा.

तीन उद्दिष्टांपैकी एकही हललं नसेल तर 'आणखी दहा सत्रं' घेऊ नका. टप्पा ३ वर परत जा. झोप, कान, दारू किंवा मन यांतलं काहीतरी सुटलेलं असण्याची शक्यता जास्त असते. फायदा झाला असेल तर वही, गजर आणि चालणं चालू ठेवा, कोर्स संपला म्हणून ते बंद करायचं नाही.

शेवटचं काम कागदाचं. आधीचे आणि नंतरचे चाचणी अहवाल, सत्रांची तारीखवार नोंद आणि डिस्चार्ज समरी यांच्या दोन प्रती काढा. एक पॉलिक्लिनिकच्या फाइलला लावा, दुसरी घरी. मार ड्युटीवरचा असेल आणि डिसेबिलिटी पेन्शनचा अर्ज करायचा असेल, तर टप्पा २ मधल्या इंजुरी रिपोर्टला हे अहवाल जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा आणि पोच घ्या.